भुताचा पत्ता

एखाद्या लेखकाचे एखादे पुस्तक फसले तर वाचक दोन दिवस कुरकुरतो आणि विसरून जातो. पण ज्या पुस्तकमालेशी आपला वर्षानुवर्षांचा घरोबा आहे, तिची प्रकृती उतरत चाललेली पाहणे हे मोठे कष्टाचे काम असते. प्रत्येक भाग हाती घेताना आपण मनाशी म्हणतो, 'या खेपेला जरा बरी दिसते हं!' पन्नास पाने होतात आणि आपण पुस्तक पोटावर उपडे टाकून आढ्याकडे पाहू लागतो. तरीही पुढचा भाग आपण आणतोच. घरोबा असा तुटत नाही.

माझा असा घरोबा होता तो नारायण धारपांच्या 'समर्थां'शी. (हे समर्थ म्हणजे सज्जनगडचे नव्हेत, हे धाकट्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली गेले. या अवधीत त्यांनी शंभरावर पुस्तके लिहिली, आणि मराठी मध्यमवर्गाला त्याच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, दिवा चालू ठेवून घाबरायला शिकवले. त्यांपैकी बऱ्याच पुस्तकांचा नायक समर्थ. शहरात राहणारा, चारचौघांसारख्या घरात भेटणारा हा पुरुष अमानवी शक्तींशी झुंज घेतो. कोणा कारकुनाच्या, कोणा प्राध्यापकाच्या संसारात काहीतरी अभद्र शिरते. डॉक्टर होतात, अंगारेधुपारे होतात. आणि अखेर कोणीतरी त्या गांजलेल्या माणसाला समर्थांकडे नेऊन पोचवते. हा तिचा साचा.

साचा म्हटले म्हणून नाक मुरडू नका. साच्यातूनच करंज्या निघतात. प्रश्न सारणाचा असतो.

आणि सारण सुरुवातीला अव्वल होते! धारपांच्या आधी आपल्याकडचे भूत म्हणजे खेड्यातले भूत. ते पिंपळावर, पाणवठ्यावर, स्मशानाच्या वाटेवर राही. शहरात दोन खोल्यांचा संसार थाटलेल्या माणसाला त्याचे भय वाटेनासे झाले होते. धारपांनी ते अभद्र उचलून आणले आणि भाड्याच्या खोलीत, वाड्याच्या माडीवर, स्वस्तात मिळालेल्या बंगल्यात ठेवून दिले. त्यांच्या एका कादंबरीचे नावच मुळी '४४० चंदनवाडी'. भयकथेचे नाव की पोस्टाचा पत्ता? पण त्यातच सारी गोम आहे. ज्या भयाला घरनंबर असतो ते भय पोस्टमनच्या पावलांनी आपल्याही दारापर्यंत येऊ शकते.

आम्हां लोणावळेकरांना तर हे निराळे समजावून सांगायला नको. सुटीच्या दोन दिवसांत चिक्की घेऊन परत जाणाऱ्या मंडळींना वाटते, लोणावळा म्हणजे धबधबे आणि मक्याची कणसे. आषाढातल्या मंगळवारी रात्री दहानंतर त्यांनी इथे यावे. वर्षाकाठी दीडशे इंचांच्या पुढे पाऊस पडणारे हे गाव. तुंगार्लीच्या आणि वळवणच्या बाजूला बंगल्यांमागून बंगले, आणि त्यांतले निम्मे बाराही महिने कुलूपबंद. धुके इतके की फाटकावरचे नावही वाचता येत नाही. कोपऱ्यातल्या खोलीत माळ्याचा एक दिवा, आणि घाटाच्या अंगाने मालगाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनाची घरघर. पुण्याच्या नोकरीपायी मी चौसष्ट किलोमीटरांचा हा प्रवास लोकलने कितीतरी वर्षे केला. जाताना वर्तमानपत्र, येताना धारप. वडगाव, कान्हे, कामशेत मागे पडत. मळवलीला डबा जवळजवळ रिकामा होई. आणि लोणावळ्याला उतरून त्या बंद बंगल्यांवरून घरी चालत जायचे! धारप वाचण्यासाठी यापेक्षा सोयीची व्यवस्था महाराष्ट्रात दुसरीकडे असेल असे मला वाटत नाही. त्या वेळी पुस्तके भाड्याने मिळत. वाचनालयवाला टेबलाखालून नवे पुस्तक काढी तेव्हा त्याचाही चेहरा कटात सामील असल्यासारखा होई.

मग हे बिघडले कुठे?

बिघडले ते समर्थांच्या सामर्थ्यात. आरंभीच्या गोष्टींत समर्थ उशिरा येत. ते येईपर्यंत आपण त्या गांजलेल्या माणसाच्या घरात बसलेले असू. त्याच्या बायकोचे बदललेले डोळे, जिन्यावरची ओल, दुपारच्या वेळी एका खोलीत उगीचच भरणारी थंडी, असले भय गोष्टीत मुरत राही. पुढे पुढे, माझ्या वाचनाचा अनुभव असा की, समर्थ लवकर येऊ लागले आणि अधिक बोलू लागले. प्रतिपक्षही वाढत गेला. आधी एका घरातले अभद्र, मग एका गावावरचे संकट, मग साऱ्या मानवजातीचेच. शत्रू वाढला की त्याला पुरे पडायला समर्थांची शक्ती वाढवावी लागे. शक्ती वाढली की तिला साजेसा शत्रू धुंडाळावा लागे. गहू आणि तांदूळ यांनी एकमेकांचे भाव वाढवीत न्यावेत तसला हा प्रकार. आणि या चढाओढीत जिन्यावरची ओल कुठच्या कुठे गेली. घर गेले, गल्ली गेली, घरमालक गेला. उरले ते दोन महाबलाढ्य तेजोगोल, एक काळा आणि एक पांढरा. त्यांच्या टकरीचे मला काय? माझ्या घराला तर कडीसुद्धा नीट लागत नाही. मला त्या कडीचे भय वाटते.

एका पुस्तकाचे नाव 'समर्थाचिया सेवका'. हे शब्द मनाच्या श्लोकांतले, शाळेपासून पाठ. पुढची ओळ ज्याला ठाऊक आहे त्याला पुस्तक उघडण्यापूर्वीच शेवट ठाऊक होतो! भक्ताला अभय मिळाले हे उत्तमच झाले. पण भयकथेच्या वेष्टनावरच अभयपत्र छापलेले असावे, ही जरा गंमतच नव्हे का?

हा आजार एकट्या धारपांच्या घरचा नव्हे, हेही न्यायाला धरून सांगितले पाहिजे. मालिका लिहिणाऱ्या कोणालाही तो जडतो. कॉनन डॉइलने तर कंटाळून १८९३ साली शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात लोटून दिले. लोकांनी हाकाटी केली, आणि १९०३ साली त्याला परत आणावे लागले. त्यावर एका नावाड्याने डॉइलला ऐकवले की, होम्स त्या कड्यावरून पडून मेला नसेल, पण नंतरचा होम्स काही पूर्वीचा राहिला नाही. ही हकिगत खुद्द डॉइलनेच नोंदवून ठेवली आहे, यावरून त्याचा मोठेपणा दिसतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण झुंजार किंवा काळा पहाड यांच्याकडे वाचक जाई तो वेगासाठी, पाठलागासाठी. तेथे पुनरुक्ती खपून जाते, कारण धावणे हे प्रत्येक वेळी धावणेच असते. भयाचे तसे नाही. ज्या जिन्यावर काहीच होणार नाही अशी खात्री पटली, तो जिना पुन्हा नुसता जिनाच.

हे सारे मी एकदा घरी मोठ्या आवेशाने मांडले. निमित्त होते दिवाळीच्या साफसफाईचे. माळ्यावरच्या पुस्तकांतून काय ठेवायचे आणि काय द्यायचे याची वाटणी चालली होती, आणि समर्थांची मालिका मी 'द्यायची' या ढिगात टाकली होती. आमची ही भयकथा वाचणाऱ्यांतली नव्हे, असा माझा समज. तिने काही न बोलता तो गठ्ठा उचलला आणि फडताळात ठेवला.

"अगं, एकच गोष्ट आहे ती सगळी," मी म्हटले. "शेवटी समर्थ येतात नि सगळं ठीक होतं."

"म्हणूनच," ती म्हणाली.

आणि मग मला आठवले. तिची आई पुण्याला रुग्णालयात होती तेव्हा तेवीस रात्री ही उशाशी बसली होती. येताजाता पिशवीत एक पुस्तक असे. मी ते कधी पाहिले नव्हते.

"तिथे मला तुमचं ते घाबरवणारं पुस्तक नको होतं," ती म्हणाली. "घाबरायला तिथे पुष्कळ होतं. कोणीतरी येणार आहे हे आधीपासून ठाऊक असलेलं पुस्तक हवं होतं. रात्री तीनला ते काढायचं, समर्थ येईस्तोवर वाचायचं, आणि मिटायचं."

चोविसाव्या दिवशी सासूबाई गेल्या. त्या खोलीत कोणी समर्थ आले नाहीत, हे मी बोललो नाही आणि तीही बोलली नाही.

आता यावर टीकाकाराने काय उत्तर द्यावे? त्या दिवशी मी गप्प बसलो, तेच योग्य होते. पण लेखणी हाती घेतल्यावर गप्प बसून भागत नाही. आणि माझे समाधान अजून झालेले नाही, हे तिला वाचायला मिळेल अशाच ठिकाणी मी लिहीत आहे.

ती जे म्हणते त्यातून मला एक गोष्ट उमगली, ती ही की, समर्थकथा ही शेवटी शेवटी भयकथा उरलीच नव्हती. ती पोथी झाली होती. भक्तावर संकट येते, भक्त धावा करतो, गुरू धावून येतात, संकट टळते. अध्याय संपला, फलश्रुती वाचा. गुरुचरित्राच्या किंवा नवनाथांच्या पारायणात वाढलेल्या आपल्या घरांना हा घाट रक्तातून ठाऊक आहे. धारपांनी त्याला शहरातले कपडे चढवले आणि म्हणूनच तो इतक्या घरांत रुजला. विलायतेत आधुनिक शहरातल्या चेटकांच्या आणि रक्तपिपासूंच्या मालिका निघतात त्यांना असली पूर्वपुण्याई नाही. आमच्या पुतण्याने त्यांतल्या एकीचे नऊ भाग वाचले आणि दहाव्याला हात जोडले. "काका, पहिल्या भागात नायिकेला पिस्तूल भरायलासुद्धा भीती वाटायची, आता तिला काहीच होत नाही," असे तो सांगत होता. म्हणजे दुखणे तेच.

पण पोथीची गोष्ट निघालीच आहे तर ती नीट उघडून पाहू. धुंडिसुत मालूंचा नवनाथ भक्तिसार घ्या. चाळीस अध्याय, आणि पानोपानी अस्त्रे, मंत्र, भस्म यांची आतषबाजी. पण त्यातले मच्छिंद्रनाथ, म्हणजे साक्षात आदिगुरू, ते स्त्रीराज्यात जाऊन अडकतात! गुरूच गुंतले. त्यांना सोडवायला गोरखनाथाला वेष पालटून, मृदंग घेऊन, त्या राज्यात शिरावे लागते. किती शहाणपणाची गोष्ट आहे ही! पोथी रचणाऱ्याला ठाऊक होते की, तारणारा स्वतः कधीच बुडणार नसेल तर त्याच्या पोहण्याची आपल्याला किंमत राहत नाही. उत्तरकाळच्या समर्थांवर संकटे आली तरी ती क्षणाची. त्यांच्यासाठी माझा जीव कधी टांगणीला लागला नाही. मच्छिंद्रासाठी आजही लागतो, आणि ती गोष्ट मला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे.

म्हणजे ठाऊक असलेल्या शेवटाची ही तक्रार नव्हे. तक्रार मर्यादेची आहे. तारणाऱ्यालाही ती हवी आणि मारणाऱ्यालाही.

आमच्या मावळातली भुते पहा. मुंजा असेल तो त्याच्या पिंपळावरच. ओढा ओलांडला की त्याची सत्ता संपली. चकवा लागेल तो अमुक एका माळावर, आणि जागेवर बसून राहिलात तर उजाडताना सुटेल. दैवतेही अशीच पत्त्याची धनी. बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटातून वाट दाखवली आणि त्याच्याच जिवावर बेतले, अशी कथा सांगतात. आजही जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात. ते त्याच वळणावर टाकतात. खोपोलीत पोचल्यावर नव्हे आणि खंडाळ्यातही नव्हे. शिंगरोबा साऱ्या विश्वाचा रक्षक झाला असता तर त्याच्या पुढ्यात एक पैसाही पडला नसता.

ब्रॅम स्टोकरला हे पक्के कळले होते. त्याचा ड्रॅक्युला १८९७ साली इंग्लंडमध्ये उतरला तो मायदेशच्या मातीच्या पन्नास पेट्या बरोबर घेऊन; त्या मातीवाचून त्याला विसावा नाही. आमंत्रण मिळाल्याशिवाय प्रथम कोणाच्या घरात शिरता येत नाही. आणि त्याचा माग काढणारी मंडळी मंत्रतंत्र करीत बसत नाहीत. ती हमालांना गाठतात, पेट्या कुठे कुठे पोचवल्या याची चौकशी करतात आणि एकेक पत्ता हुडकून काढतात! इतक्या भयानक गोष्टीत इतकी कारकुनी, आणि म्हणूनच ती खरी वाटते. पुढे १९७५ साली अमेरिकेत स्टीफन किंगने तेच रक्तपिपासू प्रकरण एका लहानशा गावात नेले, आणि त्या किंगच्या कादंबरीवरून धारपांनी 'लुचाई' लिहिली.

'लुचाई'त समर्थ नाहीत. 'शपथ'मध्ये नाहीत. (तीही किंगवरूनच.) 'आजी' या गोष्टीत नाहीत. आणि धारपांचे नाव काढल्यावर आज तरुण मुले जी पुस्तके मागतात त्यांत ही अग्रभागी असतात. 'तुंबाड' हा २०१८ सालचा चित्रपट राही अनिल बर्वे यांना सुचला तो मित्राने सांगितलेल्या धारपांच्या गोष्टीवरून. नाव तेवढे पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरचे. तो २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहिला. त्यातला तो हस्तर. काय त्याचा दरारा! आणि त्याची सत्ता किती? एका वाड्याखालच्या एका विवरापुरती. जमिनीवर पिठाचे एक रिंगण ओढले आहे, आणि त्या पिठाच्या रेघेच्या आत माणूस जीव मुठीत धरून बसला आहे. रेघ साधी, जात्यातून निघालेल्या पिठाची. माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजकन्येने भीतीने पाय खुर्चीवर घेतले. दोन तेजोगोलांच्या टकरीला कोणी पाय वर घेत नाही.

तेव्हा लेखणीत बळ नव्हते असे नव्हे, हेच मला अधिक डाचते. ज्या हाताने समर्थांची पुस्तके एकामागून एक सैल होत गेली, त्याच हाताने समर्थांना बाजूला ठेवले की चिमटा अचूक बसे. नायकाने लेखकाला मोठे केले आणि मग त्याच्याच मांडीवर ठाण मांडून बसला. धारपांनी एखाद्या पुस्तकात समर्थांना तापाने फणफणून अंथरुणावर टाकायला हवे होते. शेजारच्या मुलाला औषध आणायला पाठवायचे, आणि जिन्यावर ओल यायची.

साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके नव्या वेष्टनांत पुन्हा आणली आहेत. वेष्टने झकपक आहेत. पुतण्याने विचारले, "काका, कुठून सुरुवात करू?" त्याला मी 'लुचाई' दिली. समर्थांचा गठ्ठा फडताळात आहे तिथेच आहे. त्यावर आमच्या घरात आता चर्चा होत नाही.

मात्र एका गोष्टीची मी वाट पाहतो आहे, आणि ती कोणीतरी लिहावी. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुंबई आमच्या दाराशी आली. तुंगार्लीत, वळवणला, खाली कामशेत-वडगावपर्यंत इमारती उठल्या. बांधकामासाठी जुनी झाडे गेली, त्यांत पिंपळही गेले. आमच्या घरामागच्या पिंपळावर एक मुंजा होता म्हणतात. लहानपणी आम्ही संध्याकाळनंतर तिकडे फिरकत नसू. त्या जागी आता सात मजली इमारत आहे, आणि ज्या उंचीवर मुंज्याची फांदी होती ती, माझ्या अंदाजाने, चौथ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात येते. मुंजा काही पिंपळाची जागा सोडून जाणाऱ्यांतला नव्हे; त्याचा पत्ता तोच आहे. चौथ्या मजल्यावरचे बिऱ्हाड गेल्या तीन वर्षांत दोनदा बदलले. परवा तिसरे आले. नवराबायको आहेत, एक लहान मुलगी आहे. सौ. फराळाचे ताट घेऊन जाऊन आली. माणसे चांगली आहेत म्हणाली. फक्त स्वयंपाकघराची खिडकी कितीही लावली तरी संध्याकाळी उघडते, अशी त्यांची तक्रार आहे. सुतार बोलावला आहे.